मोरछाप

आत्तीने ब्रेकची खिट्टी बोटाने सरकवली आणि थाळी फिरायला लागली.

यात तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. पण आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, कारण चावी अजून माझ्या हातात होती. झाकणाच्या आतल्या क्लिपमधून मी ती नुकतीच काढली होती, पेटीला लावलीसुद्धा नव्हती. आणि मगदूमकाका थोड्याच वेळापूर्वी म्हणाले होते की त्यांचे आबा वारल्यापासून, म्हणजे दहाबारा वर्षं, या ग्रामोफोनला कुणी हात लावलेला नाही.

रेकॉर्ड ठेवायची ती थाळी मजेत फिरत राहिली. कुरकुर नाही, अडखळणं नाही.

"बघा, कशी फिरतीय," मगदूमकाका खूश होऊन म्हणाले. "एकदम चालू हाय."

"चालू आहे खरी," आत्ती म्हणाली आणि तिने कानातली रिंग फिरवली.

ही आमची खूण. रिंग फिरवली की समजायचं, समोरचा थापा मारतोय, डोळे उघडे ठेव.

आत्ती म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण, नंदाआत्ती. कोल्हापूरच्या आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवते आणि रविवारी ग्रामोफोन शोधत हिंडते. भोंगेवाले नाहीत हं. भोंगा म्हणजे नुसता दिखावा असं तिचं म्हणणं. तिला आवडतात ते पेटीतले, सुटकेससारखे बंद होणारे, मूठ धरून कुठेही न्यायचे. तिच्या हॉलमधल्या फळीवर ते ओळीने बसलेत आणि मधोमध एक जागा रिकामी आहे. ती जागा मोरछापची. मोरछाप पेट्या फार थोड्या निघाल्या, म्हणून त्यांच्या नकलाच जास्त. मी पहिलीत होते तेव्हापासून ती जागा रिकामी पाहतेय. पाहुणे तिथे फुलदाणी ठेवायला सुचवतात आणि आत्ती त्यांना दुसरा चहा विचारत नाही.

ही गोष्ट मी आठवीत होते तेव्हाची. आता मी दहावीत आहे, त्यामुळे शांतपणे सांगू शकते. तेव्हा मात्र मी जमिनीपासून वीतभर वरून चालत होते. कारण महिनाभरापूर्वी जुन्या बाजारात मी एक नकली पेटी पकडली होती, एकटीने. पेटी म्हणे आजोबांच्या काळातली, आणि तळाला अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू. मी म्हटलं, काका, तुमचे आजोबा काळाच्या पुढे होते. अख्खा बाजार हसला. त्या दिवशी आत्तीने ठरवून टाकलं की इथून पुढे निकाल केतकीचा. पेटी बघून झाली की ती विकणाऱ्यासमोरच मला विचारणार, खरी की खोटी, आणि मी म्हणेन ते शेवटचं. मग तिथे चर्चा नाही. शाळेत मॉनिटर होण्यापेक्षा हे भारी होतं.

तर निपाणीला मोरछाप आहे असा फोन आला आणि आम्ही पहिल्या एसटीने निघालो. कागलपर्यंत आत्ती खिडकीबाहेर बघत होती आणि हाताने रुमालाची घडी घालत होती, मोडत होती. "मनात काही धरायचं नाही," ती स्वतःलाच सांगत होती. "आधी बघायचं."

मगदूमांच्या दाराशी कट्ट्यावर एक बाई मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसली होती. पन्नाशीची असेल. बोटं इतकी झरझर चालत होती की मी थांबून बघत राहिले. तिने वर बघून हसून दाखवलं. पुढच्या दोन दातांत ही मोठी फट, विडीही आरपार गेली असती.

"आमची आक्का," मगदूमकाका दारातून म्हणाले. "थोरली बहीण. ऐकू येत न्हाई तिला, लहानपणी कान फुटून गेले. या आत, या."

आत त्यांनी सगळं आवरायला काढलेलं होतं. भिंतीला नवा रंग, कोपऱ्यात नवं शोकेस. लेकीला बघायला पाहुणे येणार होते आणि त्यासाठी लेक आणि काकू साड्या घ्यायला गेल्या होत्या. "जुनाट सामान सगळं काढून टाकायचं म्हटलं," काका म्हणाले. "आमचे आबा हेडमास्तर. संध्याकाळी आरामखुर्चीत बसून शास्त्रीय ऐकायचे. ही पेटी कधी उंबऱ्याभायेर गेली न्हाई बघा."

आणि मग ती थाळी फिरली.

आता यात संशय कसला, ते सांगते. ग्रामोफोनची स्प्रिंग चावीने भरतात. वाजवून झालं की ती पूर्ण उतरू द्यायची, भरलेली ठेवली तर तिची ताकद जाते. ज्याला हे यंत्र कळतं तो तशी कधीच ठेवत नाही. आणि दहाबारा वर्षं तशी राहिली असती तर आतलं वंगण गोठून थाळी जागची हललीही नसती. म्हणजे ही स्प्रिंग कुणीतरी नुकतीच भरली होती, आणि त्या माणसाला ग्रामोफोनची काळजी कशी घेतात हे ठाऊक नव्हतं.

"घरात कोण वाजवतं?" आत्तीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोण न्हाई वो. कुणाला टाइम हाय?"

मी सुईचं डोकं उचलून बघितलं. आत बसवलेली सुई चकचकीत, गंजाचा ठिपकाही नाही. झाकणातल्या खणात एकच रेकॉर्ड, झिजून राखाडी पडलेली. सुयांच्या डबीत तळाला चारदोन सुया.

"शास्त्रीय म्हणालात ना?" आत्ती रेकॉर्ड उजेडात धरत म्हणाली. "ही तर लावणी आहे."

मगदूमकाकांनी घसा खाकरला. "असंल. सगळंच ऐकायचे."

"हेडमास्तर."

"व्हय. हेडमास्तर."

रिंग पुन्हा फिरली. मला गुदगुल्या व्हायला लागल्या होत्या. मी पेटी उलटी केली. तळाला स्क्रू सगळे जुने, सरळ खाचेचे, डोकी कधी खरवडलेली नाहीत. पण तळाच्या कापडावर दोन समांतर खोल रेघा, गंजाच्या. ही पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधून हिंडली होती, आणि एकदोनदा नाही. मी आत्तीला बोटाने दाखवलं. मग झाकणाच्या सांदीत गुलाबी पूड दिसली. नखाने काढून वास घेतला तर लवंग.

"आणि हे काय?" आत्तीने उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथलं काळं कापड उडालं होतं आणि उघड्या लाकडावर बारीक खड्डे पडले होते, एकावर एक.

"उंदीर," मगदूमकाका लगेच म्हणाले. "तंबाखूचं गाव, तरी उंदीर काय कमी न्हाईत."

आता मी उंदरांची तज्ज्ञ नाही, पण उंदीर काय एकाच कोपऱ्यात जेवतो? आणि हे खड्डे गुळगुळीत होते, हात फिरून फिरून पाट होतो ना, तसे.

सुईच्या डोक्यावरचा मोर तेवढा बघायचा राहिला होता. खरी ओळख तीच. खऱ्या पेटीवरचा मोर उजवीकडे बघतो. नकली करणाऱ्यांनी छापावरूनच साचा काढला, त्यामुळे त्यांचे मोर उलटे उमटले आणि डावीकडे बघायला लागले. आत्तीने रुमालाने धूळ पुसली. मोर उजवीकडे बघत होता.

आत्तीचा श्वास मला ऐकू आला. रुमाल परत पर्समध्ये ठेवताना तिला पर्सची चेन सापडेना.

म्हणजे पेटी खरी आणि माणूस खोटा. हे जास्त वाईट. नकली पेटी घेतली तर आपण हसं होतो, पण चोरीची घेतली तर? आत्तीने एकदा अशीच एक घेतली होती आणि ती एका शाळेची निघाली. आत्ती स्वतः जाऊन परत देऊन आली आणि आठवडाभर जेवली नाही धड. त्यामुळे मी मनात पक्कं केलं की मगदूमकाकांना पकडायचं.

"आणखी रेकॉर्डी हायत," ते म्हणाले. "चुलतभावाच्या माळ्यावर. चला ताई, गल्लीच्या टोकालाच."

"तू?" आत्तीने मला विचारलं.

"मी थाळीखालचा नंबर बघते," मी म्हटलं.

ते दोघं गेले. मी थाळी उचलून खाली हात घातला. नंबर होता, पण जुनं वंगणही होतं आणि ते कोपरापर्यंत आलं. थाळी जागेवर बसवून मी मागच्या दाराने परसात गेले, न्हाणीपाशी राख होती, ती घेऊन हात घासत बसले. मनात खटला चालू होता. आरोपी मगदूम, पेटी कुठून आणली? वकील मीच, न्यायाधीश मीच.

आणि घरात गाणं सुरू झालं.

माझ्या हातावरची राख तशीच राहिली. घरात कुणी नव्हतं. काकू नाही, लेक नाही, काका गल्लीच्या टोकाला. कट्ट्यावर आक्का, आणि तिला तर ऐकू येत नाही. ऐकू येत नाही असं कोण म्हणालं? मगदूमकाकाच ना. मी चपला काढल्या आणि भिंतीला धरून दारापर्यंत गेले.

आक्का पेटीवर ओणवी झाली होती. दोन्ही तळहात पेटीच्या अंगाला लावलेले, डोळे मिटलेले. आधी वाटलं, ती पेटीचा मुका घेतेय. मग दिसलं. उजव्या कोपऱ्याची कड तिने दातांत धरली होती. तो उंदराचा कोपरा.

गाणं संपत आलं तशी तिने मान अगदी हळू, ठेक्यात हलवली. गाणारी बाई जिथे तान घेत होती तिथेच. एक मात्राही इकडेतिकडे नाही.

सुई रेकॉर्डच्या मधोमध जाऊन खरखरायला लागली. आक्काने डोळे उघडले आणि मी दिसले.

ती एवढी दचकली की पदर चावीत अडकला. तिने आधी दाराकडे बघितलं, मग ओठांवर बोट ठेवलं. मग तिने एक गोष्ट केली, ती मी कधीच विसरणार नाही. स्वतःच्या गळ्यावर तळहात ठेवला आणि मग बोलायला लागली. आवाज किती मोठा निघतोय हे तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती तो हाताने मोजत होती.

"अरविंदला सांगू नगं," ती म्हणाली. अरविंद म्हणजे मगदूमकाका.

मी मान हलवली. मग पेटीकडे, तिच्या दातांकडे बोट करून हाताने विचारलं, काय हे?

"आबा मंजन विकायचं. लवंगेचं मंजन, बाजारात. शिप्पूर, संकेश्वर, सगळीकडं. सायकलीवर ही पेटी, गाणं लावलं की माणसं जमायची. मी संगट असायची." तिचा तळहात गळ्यावर हलला, आवाज आणखी खाली आला. "कान गेल्यावर मी रडायला लागली. तवा आबांनी सांगितलं, चावून बघ. दातांत धर."

"आणि मगदूमकाका—" मी दाराकडे हात केला.

"त्याला शाळंत मंजन्या म्हणायची पोरं. म्हणून हेडमास्तर सांगतोय." ती हसली, फट दिसली. "तसा वाईट न्हाई तो."

मी चावीकडे बोट दाखवून फिरवल्यासारखं केलं. तिला लगेच कळलं. चावी भरताना करकर आवाज होतो हे आबांनी सांगितलं होतं, पण किती होतो हे तिला माहीत नव्हतं. म्हणून घरात कुणी नसलं की वाजवायची, आणि पुढच्या वेळी कमी वेळ मिळाला तरी चालावं म्हणून तेव्हाच भरूनही ठेवायची. बास, एवढंच गूढ होतं ते.

"मग त्यांना सांग ना," मी तोंड मोठं उघडून, हातवारे करून म्हटलं. "विकू नको म्हणून सांग."

ती ओठांकडे बघत होती. "पाहुणे येणार. पोरीची आत्या पेट्या चावती म्हटल्यावर? येडी हाय म्हणतील. घराण्यात येड हाय म्हणतील." तिने पदराने पेटीची कड पुसली. "जाऊ दे. न्या तुमी. तुमच्यात कोण भैरं हाय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग काय," ती म्हणाली. तेवढंच.

तिने सुई उचलून परत सुरुवातीला ठेवली, माझ्या मानेला धरलं आणि माझं डोकं खाली वाकवलं. "चाव," तिने हुकूम सोडला.

मी चावलं. लाकडाला लवंगेची चव होती, आणि मग ती बाई माझ्या टाळूत येऊन गायला लागली. खरंच. कानाने ऐकताना जी खरखर होती ती जणू बाहेरच राहिली होती. पेटीचा ठेका कवटीत वाजत होता, डोळ्यांच्या मागे. मी बोटांनी कान बंद करून बघितले. गाणं आणखी मोठं झालं.

बाहेर आत्तीचं बोलणं ऐकू आलं तशी मी आक्काच्या दंडाला धरून दार दाखवलं. तिने सुई उचलली, खिट्टी लावली, आणि ते दोघं उंबऱ्यात पोचले तेव्हा ती हातात केरसुणी घेऊन कोपरा झाडत होती. इतकी सफाई मी कुठल्या नटीत बघितलेली नाही.

"रेकॉर्डी सगळ्या वाळवीने खाल्ल्यात," आत्ती म्हणाली. ती पेटीसमोर येऊन उभी राहिली. कोपऱ्यावर तिची नजर गेली, मग माझ्यावर. मग केरसुणीवर. आक्का झाडलेलाच कोपरा परत झाडत होती.

"हं, केतकी," आत्ती म्हणाली. "बोल. खरी की खोटी?"

मगदूमकाका पुढे सरकले. आत्तीच्या फळीवरची ती जागा माझ्या डोळ्यांसमोर होती, पहिलीपासूनची.

"खोटी," मी म्हटलं.

"काय?" मगदूमकाका म्हणाले. "मघाशी तर स्क्रू बघून मान डोलवत होतीस की गं पोरी."

"स्क्रू जुने बसवलेत. पण मोर बघा. उजवीकडे बघतोय. खऱ्या पेटीवरचा मोर डावीकडे बघतो."

खोलीत फक्त केरसुणीचा आवाज. ज्या बाईने मला खरा मोर कोणता हे शिकवलं, तिच्याच समोर मी तो उलटा केला होता. आत्तीने चष्मा लावला. मोराकडे वाकून पाहिलं, मला वाटलं तासभर पाहिलं. मग रिंगेकडे हात नेला, आणि न फिरवताच खाली घेतला.

"नकली आहे," ती म्हणाली. "माफ करा. आमच्यात हिचा निकाल शेवटचा."

"अहो, थोडं बघा की परत."

"बघितलं ना."

"मग भंगारात घालतो," मगदूमकाका चिडून म्हणाले. "घरात अडगळ नको मला."

केरसुणी थांबली नाही. तिला ऐकूच गेलं नव्हतं. पण मला गेलं होतं, आणि माझ्याकडे पुढचं खोटं तयार नव्हतं.

"भंगारात?" आत्ती सावकाश म्हणाली. "दादा, मघाशी चावी न देता थाळी फिरली ना? म्हणजे आत स्प्रिंग भरलेली आहे. पोलादी पट्टी असते ती. भंगारवाल्याने हातोडा घातला आणि ती सुटली तर बोटं जागेवर राहायची नाहीत. मी फिटर पोरांना शिकवते, मला विचारा. पोलीस तुमच्या दारात येतील, आणि तेही पाहुण्यांच्या वेळेला."

मगदूमकाका पेटीपासून एक पाऊल मागे झाले. "मग काय करू?"

"होती कुठे?"

"मागच्या खोलीत. आक्काच्या खोलीत, कपाटावर."

"तिथेच ठेवा. हलवू नका, पोराबाळांना हात लावू देऊ नका. ज्यांना सवय आहे त्यांचं ठीक आहे." आणि पेटी बंद करायला म्हणून ती वाकली. मी तिच्या बाजूला होते म्हणून मला दिसलं. तिने पर्समधून स्वतःची सुयांची डबी काढली, अख्खी भरलेली, झाकणाच्या खणात ठेवली आणि कडी लावली. मग पेटी उचलून आक्काच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, ओटी भरतात तशी.

आक्काने पेटी छातीशी धरली. आत्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. गळ्यावर ठेवायला हात मोकळा नव्हता.

परतीच्या एसटीत आत्ती खिडकीशी बसली. तिकीट काढलं, सुटे परत घेतले. कागल मागे पडल्यावर तिने रुमाल पुढे केला.

"ओठ पूस."

मी पुसला. रुमालावर गुलाबी डाग पडला.

"आत्ती, तो मोर—"

"उजवीकडे बघत होता. मला दिसतं." ती अजून बाहेरच बघत होती. मग म्हणाली, "ऐकू येतं?"

"कानापेक्षा चांगलं."

"खरखर?"

"नाही. ती बाहेर राहते."

आत्तीने मान हलवली आणि कोल्हापूर येईपर्यंत झोपल्याचं सोंग केलं.

फळीवरची जागा अजून रिकामीच आहे. पण बाकीच्या पेट्या बघायला कधी एखादा जाणकार गृहस्थ येतो, प्रत्येक पेटीवरून हात फिरवतो, आणि कोपऱ्यापाशी येऊन थबकतो. सगळ्यांच्या उजव्या कोपऱ्याचं कापड उडालंय, लाकडावर बारीक खड्डे आहेत.

"अरेरे, ताई," तो म्हणतो, "घरात उंदीर झालेत वाटतं?"

आत्ती कानातली रिंग फिरवते.

"हो," ती म्हणते. "दोन आहेत."